आबा जास्त आहेत

फोन आमच्या घरी होता, पण आमच्यासाठी तो क्वचितच वाजायचा. वडील सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून गावातला पहिला फोन आमच्या सोप्यात आला आणि भिंतीतल्या कोनाड्यात, आईने विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली बसला. आमचा नंबर मात्र कोईमतूरपासून जालंधरपर्यंत कुठकुठल्या दुकानांच्या भिंतींवर, पाकिटांत, कॅलेंडरांच्या पाठीवर लिहिलेला होता आणि त्याच्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं. पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरचा, माणूस बोलावून देतात. ते बोलावून देण्याचं काम माझ्याकडे होतं. बाहेरगावच्या फोनची घंटी लांब वाजायची. ती वाजली की भात चुलीवर असो की पुस्तक मांडीवर असो, मी उठायचे, नाव विचारायचे, ‘पाच मिनिटांनी परत करा’ म्हणायचे आणि पायांत चप्पल सरकवून आळीने धावत सुटायचे.

आमचं गाव माळावरचं. पोरगं हाताशी आलं की ते गलाईला जायचं. सोनारांच्या पेढ्यांवरचे तुकडे, झाडलोटीतला चुरा भट्टीत घालून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं, त्या कामाला गलाई म्हणतात. आमच्या भागातल्या माणसांनी त्यासाठी सगळा देश पालथा घातला. आधी एक पाव्हणा जायचा, मग तो भाऊ न्यायचा, मग भावाचा मेव्हणा. लग्न करायला गावी यायचे आणि पुढच्या वर्षी बायकोलाही घेऊन जायचे. मागे उरायची ती त्यांची आई-बापं. उन्हाळ्यातले चार आठवडे गाव लग्नांनी आणि पाव्हण्यांनी फुलायचं आणि बाकीचं वर्ष संध्याकाळी आळीतून चालताना दोन्ही बाजूंनी खोकल्याचेच आवाज यायचे. शाळेत मुलं कमी, म्हणून दोन वर्ग एका खोलीत भरायचे. तालमीत कुणी जात नसे, तिथे सरपण ठेवत.

ही म्हातारी माणसं मी जितकी जवळून पाहिली तितकी त्यांच्या पोटच्या मुलांनीही पाहिली नसतील. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाला आपण कसे दिसतो याचं भान नसतं, आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसलेली असायचे. गुंडातात्यांचा असा समज होता की गाव जितकं लांब तितकं मोठ्यानं बोलावं लागतं. हैदराबादच्या लेकीशी ते बेताने बोलायचे आणि जालंधरच्या थोरल्याशी असे ओरडायचे की आमची म्हैस दावं ताणायची. हौसाकाकूंचा नातू कोईमतूरला जन्मलेला. त्याला मराठी यायचं नाही. तो तमिळमधून काहीतरी सांगत राहायचा आणि काकू रिसीव्हर दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून ऐकायच्या. "काय म्हणतोय गं?" आई विचारायची. "काय की बाई, पर गोड बोलतंय," काकू म्हणायच्या. एकदा त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितला आणि पलीकडून ती रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली, या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. काकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "असू दे बाई, कामात हाईस तर. मी मागनं येते," म्हणाल्या आणि रिसीव्हर हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा ठेवला.

आबा वरच्या आळीला राहायचे. फोन आला असं सांगितलं की ते आधी आत जाऊन टोपी घालायचे, धोतराचा सोगा नीट करायचे, तोंडावर पाण्याचा हात फिरवायचे आणि मग निघायचे. "आबा, चला, फोन येईल परत," मी घाई करायचे. "अगं पोरगं भेटतंय सुमे, असं अवतारात कसं जायचं?" बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थापायचे, एक शेळी होती तिच्याशी बोलायचे. मुलगा एकच, विलास. मी त्याला विलासदादा म्हणायचे. गावची बाकीची माणसं दक्षिणेत नाहीतर पंजाबात. कलकत्त्याला गेलेला तो एकटाच. कुणातरी लांबच्या पाव्हण्याने नेला, पुढे तो पाव्हणा परतला आणि हा तिथेच राहिला. त्याच्या घरीही फोन नव्हता. शेजारच्या बंगाली बाईंचा नंबर होता आणि त्यापुढेही पी.पी. म्हणजे आमच्याकडून मी धावायचे आणि तिकडून त्या बाई हाक मारायच्या, असे दोन धावणारे मध्ये ठेवून बापलेक बोलायचे. बोलणं तरी काय, "पाऊस?" "न्हाई." "जेवतोस का?" "जेवतो." मग दोघेही गप्प. ती गप्प बसण्याची मिनिटंही आबा पुरेपूर घ्यायचे. रिसीव्हर ठेवला की म्हणायचे, "मागं ट्रामची घंटी वाजत हुती बघ."

आज मी त्या शहरात राहते. बँकेने बदली केली, सॉल्ट लेकमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मुलगी बेंगळुरूला, तिचे बाबा आता नाहीत. रविवारी सकाळी फोन समोर ठेवून मी चहा घेते. तो वाजला तर चांगलं, नाही वाजला तर तिला काम असेल. आबा टोपी का घालायचे हे आता मला कुणी समजावून सांगायला नको.

आता तो शब्द. आमच्याकडे फोनवरून मेलं असं कधी कळवत नाहीत. माणूस गेला की मुलाला कळवायचं, "आण्णा जास्त आहेत, निघून या." म्हणजे दुखणं जास्त आहे. ऐकणाऱ्याला कळतं. गाडीत एकट्याने प्रवास करायचा असतो, तेवढा वेळ त्याला एक आशा हातात धरायला द्यायची, अशी ती रीत. तो येतो, पाराजवळ उतरतो, बायका टाहो फोडतात, आणि मग तोही रडतो, जणू आत्ताच कळलं. वडिलांना असे फोन करताना मी कित्येकदा पाहिलं होतं. रिसीव्हर खाली ठेवताना ते डोळ्यांवरून पंचा फिरवायचे. तार मात्र कुणीच करत नसे. तार आली की बायका वाचायच्या आधीच रडायला बसतात, म्हणून. मी तेव्हा बारावीला होते, वडिलांच्या आवाजातलं ते वाक्य मला पाठ होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या वाक्याचा रुबाब वाटायचा. ते बोलणारं माणूस गावात मोठं समजलं जायचं.

त्या हिवाळ्यात आबांना दम लागला. रात्रभर हौसाकाकू त्यांच्या उशाशी बसून होत्या, सकाळी वडील डॉक्टरला आणायला तालुक्याला निघाले. सायकलवर टांग टाकता टाकता मला म्हणाले, "विलासला फोन लाव. नीट सांग, आबा हायेत, पण आजारी हायेत. आठवण काढत्यात, भेटून जा म्हणावं." असं स्पष्ट म्हणाले होते. आबा हायेत, हा शब्द त्यांनी मुद्दाम पुढे घातला होता.

मी फोन लावला. बंगाली बाईंनी खिडकीतून हाक मारलेली मला ऐकू आली. मग विलासदादाचा आवाज.

"मी सेक्रेटरींची सुमन बोलते. दादा, आबा जास्त आहेत. निघून या."

त्याने विचारलं, "कवा?"

"काल रात्री."

"त्रास झाला?"

"दम लागला होता. थोडा वेळ फार झाला."

"जवळ कोण हुतं?"

"हौसाकाकू होत्या."

मागे रस्त्याचा आवाज होता. मग तो म्हणाला, "बरं झालं. एकटं न्हवतं." आणि थोड्या वेळाने, "दोन रात्री जात्यात गाडीला. माझ्यासाठी थांबवू नगा."

"बरं," मी म्हणाले.

वडील डॉक्टरला घेऊन आले, सुई दिली, आबांचा दम बसला. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुताना त्यांनी विचारलं, "काय म्हणाला विलास?"

"म्हणाले, माझ्यासाठी थांबवू नका."

"काय थांबवू नका?"

तिथे, वडिलांच्या हातावर मी तांब्याने पाणी घालत होते तेव्हा, मला सगळं एकदम कळलं. काय थांबवू नका ते कळलं. कवा म्हणजे काय कवा तेही कळलं. पाणी पडत राहिलं. मी म्हणाले, "औषधं. औषधं थांबवू नका म्हणाले."

"शहाणाच आहे. आणि येतोय ना?"

"येतो म्हणाले."

या दोन वाक्यांविषयी मी कित्येक वर्षं कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीही नाही. चुकून एक शब्द तोंडातून गेला, त्याचं मी फारसं काही मानत नाही. कुणाच्याही तोंडून गेला असता. पण त्या वेळी फोन दहा पावलांवर होता. उठून नंबर फिरवला असता तर रात्रीच्या आत त्याला बाप परत मिळाला असता. मी उठले नाही, कारण वडील समोर बसले होते आणि त्यांना ‘मी औषधं म्हणाले ते खोटं’ असं सांगावं लागलं असतं. एवढंच कारण होतं. त्याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

पुढचे दिवस मी आबांकडे जात राहिले. मला जायला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरात फोनसमोर बसवत नव्हतं. हौसाकाकू हुलग्याचं माडगं करून आणायच्या, मी वाटीने पाजायचे. आबा अशक्त झाले होते पण डोकं लखलखीत. एसटीचा हॉर्न माळावरून यायचा तेव्हा ते मान वर करायचे. गाडी पाराशी थांबल्याचा, दार आपटल्याचा, पुन्हा निघाल्याचा आवाज सगळा ऐकून घ्यायचे आणि मग मान खाली ठेवायचे.

"निघाला म्हणाला नव्हं?"

"हो आबा. निघालेत."

"गर्दी असंल गाडीला."

दाढी करायला त्यांनी न्हाव्याला बोलावलं. काकूंना सांगून धोतर धुवून घेतलं. विलासला धपाटी आवडतात, पीठ दळून ठेव म्हणाले. काकूंनी दळून ठेवलं. मधून मधून बाकीची म्हातारी येऊन बसायची. ती मंडळी आजाऱ्याशी आजाराविषयी बोलत नाहीत. गुंडातात्या शेळीच्या भावावरून वाद घालायचे. "तुला काय कळतंय शेळीतलं," आबा धापा टाकत म्हणायचे. "जालंदरचा पैसा खाऊन अक्कल गेलीया तुझी." मग दोघे हसायचे आणि हसता हसता आबांना खोकला यायचा.

आठवडा उलटला तशी वडिलांना शंका आली. "बघ गं पुन्हा लावून. निघालेला माणूस एव्हाना दोनदा पोचला असता." ते सोसायटीत गेले आणि मी फोन लावला. या वेळी सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. तोंडात शब्द जुळवून ठेवले होते. बंगाली बाईंनी उचलला. मी विलासचं नाव घेतलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उनि घाटे गॅछेन. ओनार बाबा मारा गॅछेन." ते समजायला बंगाली यायची गरज नव्हती. बाबा मारा गेले. घाटावर गेले. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभी राहिले. त्या दोनतीनदा हॅलो, हॅलो म्हणाल्या. मग मी ठेवला.

वडिलांना सांगितलं, लाइन लागत नाही.

आणखी आठ दिवसांनी तो दुपारच्या गाडीने आला. मी आबांच्या घरी होते, काकू त्यांना भिंतीला टेकवून माडगं पाजत होत्या. बाहेर नळावरच्या बायका बोलत होत्या त्या एकदम गप्प झाल्या, आणि ते गप्प होणं मला आतून ऐकू आलं. दारात विलासदादा उभा राहिला. हातात तोंड बांधलेला तांब्या, त्यात गंगेचं पाणी. डोईवरची टोपी त्याने उंबऱ्यात सवयीने काढली. डोकं गुळगुळीत, तासलेलं होतं.

त्याने बापाकडे पाहिलं. तो मागे सरकला नाही, पुढेही आला नाही. काकूंच्या हातातला चमचा वाटीत पडला.

आबा त्याच्या डोक्याकडे बघत होते. "कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

विलासदादा म्हणाला, "कोण न्हाई. तिरुपतीला गेलतो. नवस हुता."

"मग लाडू कुठाय परसादाचा?"

आबांनी त्याच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं. आमच्या गावात इतकं हुशार माणूस दुसरं नव्हतं. "माझं केलंस व्हय?" ते म्हणाले.

विलासदादा खाली बसला, बापाच्या पायांशी, आणि तोंड त्या धुतलेल्या धोतरात घातलं.

"गंगेवर केलंस?" आबांनी विचारलं.

धोतरातून मान हलली.

"मग ब्येस केलंस की. हितं वढ्याला पाणी कुठाय." त्यांनी त्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. हात थोडा वेळ तिथेच राहिला. "आन् तेराव्याला गोड काय केलंतं?"

"रसगुल्लं."

"माझ्या तेराव्याला रसगुल्लं?" आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, काकूंनी पाठ चोळली तरी हसत राहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यात माझ्याकडे वळली. "सुमे, निघाला म्हणत हुतीस नव्हं. आला बघ."

मी तिथून निघून आले. पाणी आणते म्हणाले आणि गेले ती गेलेच.

त्यानंतर आबा थोडेच दिवस होते, पण ते दिवस त्यांचे झकास गेले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. लोक बघायला यायचे, आबा पडल्या पडल्या सगळ्यांना आपल्या तेराव्याची हकिकत सांगायचे, रसगुल्ले किती मोठे असतात ते हाताने दाखवायचे. पण तीच माणसं बाहेर पडली की पाराजवळ वेगळं बोलायची. जिवंत बापाचं घातलं. कानानं ऐकलं, डोळ्यानं बघायला सवड न्हवती. कलकत्त्याची हवाच तसली. आबांच्या नावावर चार एकर माळ होता, ज्यात कुसळं उगवायची, पण त्या माळावर मुलाचा डोळा आहे असंही कुणीतरी शोधून काढलं.

आबा खरोखर गेले तेव्हा अंगणात सगळं गाव जमलं. तिरडी बांधून झाली, मडकं कुणी धरायचं यावर अडलं. गुंडातात्या काठी टेकून उभे राहिले. ते आबांचे सगळ्यात जुने मित्र, रडून डोळे लाल झालेले, आणि म्हणूनच त्यांचा आवाज अधिक कडक होता. "ज्यानं एकदा पाणी सोडलंय त्यानं पुन्हा अग्नी द्यायचा न्हाई. त्याच्या लेखी बाप कवाच गेला. चुलत्याचं पोरगं देईल." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मला वाटतं ती माणसं घाबरली होती. प्रत्येकाचा मुलगा लांब होता, आणि प्रत्येकाने त्या बोडक्या डोक्यात स्वतःचा मुलगा पाहिला होता.

वडिलांना हे पटत नव्हतं. ते पुढे झाले. "थांबा. विलास, तू सांग. माझ्या घरून फोन गेला, त्यात तुला काय सांगितलं गेलं?"

मी बायकांत उभी होते, आईच्या मागे. विलासदादाने मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर त्याच्या हातात मडकं आलं असतं, एवढंच होतं. आईचा खांदा माझ्या हनुवटीला लागत होता. मी वाट पाहिली की तो सांगेल.

"लाइन खराब हुती, सेक्रेटरी," तो म्हणाला. "मलाच नीट ऐकू आलं न्हाई."

मडकं चुलतभावाने धरलं. विलासदादा सगळ्यांच्या मागून चालत गेला. त्याच आठवड्यात तो कलकत्त्याला परतला आणि पुन्हा कधी गावाकडे आला नाही. फोन तर येण्याचा प्रश्नच नव्हता, इथे आता कुणाला बोलावून द्यायचं होतं.

म्हाताऱ्या माणसांनी त्यातून एक गोष्ट घेतली. त्यांनी निरोप देणं सोडलं. कितीही आजारी असोत, स्वतः काठी टेकत आमच्या सोप्यात यायची, रिसीव्हर हातात घ्यायची आणि पहिलं वाक्य बोलायची, "मी हाय रे." मग पुढचं. हौसाकाकू कोईमतूरच्या नातवालासुद्धा आधी "मी हाय रं बाळा" म्हणायच्या. त्याला ते दोनतीन शब्द पाठ झाले होते, तो तिकडून तसेच परत म्हणायचा. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचे. पुढे बँकेत लागले, लग्न झालं, एकेक करून ती सगळी गेली. वडील गेले त्यालाही दहा-अकरा वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या दिवशी लाइन खराब होती.

कलकत्त्याला बदली झाल्याचं कळलं तेव्हा मी ती रद्द व्हावी म्हणून अर्ज केला होता. झाली नाही. विलासदादाचा पत्ता त्याच्या चुलतभावाकडून मिळाला, बागबाजारमधला. सॉल्ट लेकहून ते काही लांब नाही, पण मला दोन वर्षं लागली. शेवटी गेल्या भादव्यात एका रविवारी गेले. जुन्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, लोखंडी जाळीचं दार. भट्टी त्याने कधीच बंद केली होती. वहिनी वारल्या, मुलगा दुबईला. त्याने चष्मा वर करून मला पाहिलं आणि ओळखलं नाही. मी म्हणाले, सेक्रेटरींची सुमन. तो म्हणाला, "बोशो," आणि मग स्वतःशीच हसून, "बस, बस." त्याच्या मराठीत आता बंगाली मिसळलं होतं, पण आमच्या भागाचा हेल तसाच होता.

चहा त्याने केला. मी कप हातात धरून एका दमात सांगितलं, नाहीतर सांगितलंच नसतं. शब्द चुकून गेला होता, पण त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. अंगणात उभी होते तेव्हाही माहीत होतं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"शेजारच्या फोनवाल्या बोउदींनी सांगितलं हुतं. एका पोरीचा फोन आलाय, बाबा मारा गेलं म्हटल्यावर कायबी बोलली न्हाई, गप ऱ्हायली, ठेवून दिला. तवा मी बसून इचार केला, सेक्रेटरींच्या पोरीनं परत फोन कशाला केला, आन् केला तर गप का ऱ्हायली? जीव लागंना. म्हटलं जाऊन बघावं. तेरावं उरकलं आन् निघालो. दारात पाय ठेवला तवा अर्धं मला वाटतच हुतं की आबा असत्याल."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

त्याने कप खाली ठेवला. "तुला त्या गावात ऱ्हायचं हुतं. मला न्हवतं."

शेजारून रेडिओ लागला होता, गल्लीत मासे विकणारा ओरडत गेला. मग तो म्हणाला, हे आबांचं दुखणं, ती अंगणातली गोष्ट, यातलं काहीच त्याने मुलाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धीच. दर वर्षी पितृपंधरवड्यात आबांचा म्हाळ मात्र घालतो. तिथी कुठली? तर माझ्या फोनचीच. "खऱ्या दिवशी माझ्या हातनं काय झालं? मागनं चाललो, एवढंच. हितं घाटावर जे केलं तेवढंच माझ्या हातचं. रडलो बी तवाच. नंतर रडू आलं न्हाई." त्या तिथीला आबा जिवंत होते, मी म्हणाले. "व्हय," तो म्हणाला. "मग जिवंत माणसाला जेवायला घालतो म्हणायचं."

बंगाल्यांची महालया आणि आमच्या गावचा म्हाळ हा एकच शब्द आहे, हे मला इथे येऊन कळलं. त्या पंधरवड्यात पहाटे घाट माणसांनी भरलेले असतात.

निघताना त्याने विचारलं, "उडदाचं वडं येत्यात का तुला? तुझी वहिनी गेल्यापास्नं विकतचे आणतो. ते वडं न्हाईत."

"येतात."

"मग ये. गुरुवारी हाय."

मी रजा टाकली, डाळ बुधवारीच भिजवली, पहिल्या बसने गेले. गव्हाची खीर केली, कढी, भोपळ्याची भाजी, वडे. पान वाढून आम्ही गच्चीवर नेलं. खाली नदीवरून भोंगा ऐकू येत होता. विलासदादाने पान दक्षिणेला ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि साध्या आवाजात, खोलीत बसलेल्या माणसाशी बोलावं तसा बोलला, "आबा, सेक्रेटरींची सुमन आलीया. वडं तिनं केल्यात. मीठ कमी असंल तर गोड मानून घ्या."

मी चाखलं नव्हतं. त्या दिवशीच्या स्वयंपाकातलं आधी चाखायचं नसतं, एवढं माझ्या लक्षात होतं. मग खाली येऊन आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो. मीठ खरंच कमी होतं.